हूक घेऊन चालणारा

१

माझ्या गॅरेजमधून बाहेर पडलेली गाडी चिखलात अडकून राहिली, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. म्हणायचं असेल तर समोर येऊन म्हणावं. फुशारकी वाटते का? वाटू दे. मला काम येतं आणि ते मला माहीत आहे, एवढंच मी सांगतोय.

माझी सकाळ ठरलेली. शटरची कुलपं काढायची, शटर वर ढकलायचं, पंखा लावायचा आणि चहा येईपर्यंत उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीभोवती एक फेरी मारायची. परीक्षेत मास्तर फिरतात तशी, हात मागे बांधून. काल केलेलं काम सकाळच्या उजेडात पुन्हा बघायचं. खरं सांगतो, बहुतेक वेळा ते बघून मला माझंच कौतुक वाटतं.

त्या दिवसांत मधल्या जागेवर भिंगरीची व्हॅन उभी होती. तिच्या नाकासमोर आमचा खड्डा. गाडीखाली उभं राहून काम करायला असतो तो नेहमीचाच, सिमेंटचा, चार पायऱ्या उतरून जायचा. भिंगरी माझी भाची. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून मीच ते नाव ठेवलं. आता ती गुरांची डॉक्टर आहे. दलदलीपलीकडच्या वस्त्यांवर जायला कुणी तयार होत नव्हतं, ते काम हिने स्वतः मागून घेतलं. खात्याने एक साधी, फक्त मागच्या चाकांना जोर असलेली व्हॅन तिच्या हवाली केली. ती गाडी घेऊन पोरगी थेट माझ्या दारात.

मागोमाग पाय आपटत तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण.

"तूच तिला फूस लावलीस," ताई म्हणाली.

"मी? अगं, फूस लावायला आधी ती एका जागी उभी तर राहायला हवी."

"हसू नकोस. दलदल बघितलीयस ना तू? तिथे रस्ता तरी आहे का?"

"रस्ता नाही म्हणून तर गाडी माझ्याकडे आलीय. ऐक ताई. कुठेही, कितीही रुतली तरी ही गाडी परत येईल. माझा शब्द."

ताईला एकच मुलगी. माझ्या घरी तर मूलच नाही, म्हणजे दोन घरांत मिळून ही एकच. शेवटी तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "तुझ्या शब्दावर सोडतेय हं." माझी छाती फुगली. शब्द द्यायला मला नेहमीच आवडतं.

२

"मामा, नुसते जाड टायर टाकले आणि गाडी थोडी उचलली तर नाही चालणार?" भिंगरीने विचारलं.

"चालेल की. पहिल्या डबक्यापर्यंत."

बऱ्याच गॅरेजवाल्यांनी तेवढंच केलं असतं. चिखलात मागची चाकं जागच्या जागी फिरतात आणि स्वतःची कबर खणतात, तेव्हा टायर कितीही जाड असून काय करायचंय? चारही चाकांना जोर हवा. म्हणून मी गिअरबॉक्सच्या मागे दुसरा छोटा गिअरबॉक्स बसवला. तिथून पुढच्या चाकांकडे शाफ्ट नेला आणि अगदी सावकाश चढायचा एक जड गिअर दिला. वेल्डिंग ठिणग्याचं. ठिणग्या माझा जुना वेल्डर, जिभेने तिखट आणि हाताने सोन्यासारखा. पहिल्यांदा चारही चाकं एकदम फिरली तेव्हा आम्ही दोघं म्हातारे पोरांसारखे ओरडलो.

मग आली सुटकेची सामग्री, म्हणजे गाडी रुतली तर बाहेर काढायची हत्यारं. पुढच्या बंपरवर विंच, दोर गुंडाळून घेणारा मोटरचा रहाट. त्यावर पोलादी तार घ्यायची की नव्या जातीचा दोर, यावर ठिणग्याशी माझं भांडण झालं. तार तुटली की चाबकासारखी मागे येते आणि माणसाचे दोन तुकडे करते. मी दोर घेतला. नारिंगी, हलका, पाण्यावर तरंगणारा. ओढायला एक ताणता येणारा पट्टा, जोडायला लोखंडी कड्या, चाकाखाली सरकवायला दातेरी पाट्या. दलदलीत झाड नाही की खांब नाही. त्यासाठी जमिनीत रोवायचा घडीचा नांगर.

नवा दोर विंचवर सैल गुंडाळायचा नसतो. सैल गुंडाळला तर जोर पडल्यावर वरचा वेढा खालच्यात घुसतो. आमच्या अंगणात चढ आहे, तिथे मी नवीन दोर बसवतो. नांगर वर रोवायचा, हूक अडकवायचा आणि गाडीला हलका ब्रेक लावून विंचने स्वतःला वर ओढू द्यायचं. दोर रिळातल्या दोऱ्यासारखा घट्ट बसतो. हे मी सोडून कुणी करत नाही.

त्या दिवशी हूक घेऊन भिंगरी चालली. दलदलीत ती एकटीच असणार, मग शिकायला नको? नवे हिरवे गमबूट, खांद्यावरून हूक, पाठीवर नांगर आणि तोल सांभाळायला बाहेर काढलेला डावा हात. मी विंचचं सुटं, रिमोटसारखं बटण धरून उभा होतो. पोरगी न अडखळता वर गेली, नांगर रोवला, हूक अडकवला आणि मागे वळून ओरडली, "ओढा मामासाहेब!"

"बघितलंस?" मी ठिणग्याला म्हणालो. "रक्त कुणाचं आहे?"

"ताईचं," ठिणग्या म्हणाला.

संध्याकाळी मी विंच फडक्याने पुसला, बूट ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवले आणि शटर ओढलं.

सकाळच्या फेरीत विंचपाशी आलो आणि थबकलो. दोराच्या वेढ्यांतून चिखल बाहेर आला होता. ओला होता तो. बोटाने काढून बघितला. राखाडी, बारीक, बर्फासारखा गार. आमच्या अंगणातली माती तांबडी आहे.

३

माणसाचं डोकं आधी सरळ वाटेने जातं. माझं ठिणग्याकडे गेलं.

"गाडी घेऊन कुठे गेला होतास?"

"मी? रात्री मला बायको गच्चीवर जाऊ देत नाही, दलदलीत कुठली जाऊ देते?"

किलोमीटरचा काटा हलला नव्हता. टायरच्या खाचांत अंगणातली तांबडी धूळ तशीच होती. फरशीवर चिखलाचा एक थेंब नव्हता. चाव्या रात्रभर माझ्या उशाशी होत्या. नव्या दोराला कारखान्यातच काहीतरी लागलं असेल आणि दाबाने बाहेर आलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ते मला पटलंसुद्धा. दोर धुतला, वाळवला आणि पुन्हा चढावर बसवला.

पुढल्या सकाळी चिखल पुन्हा होता, आणि पट्टाही तुटलेला. पिशवीत घडी घालून ठेवलेला, एकदाही न वापरलेला पट्टा मधोमध तुटून धागे बाहेर आले होते. पाट्यांचे दात एका बाजूला झिजलेले. एका कडीची खीळ वाकलेली.

आता माझं एक आहे. वापरलेली वस्तू मी ओळखतो. खीळ कशी वाकली यावरून ओढ कुठून पडली ते मी सांगू शकतो. ही वस्तू वापरली गेली होती. जड गाडी खोल रुतली होती, ओढ तिरकी पडली होती आणि सामान कमी पडलं होतं. गाडी तर इथेच उभी होती. अंगावर काटा आला. तरी त्याहून मोठी गोष्ट सांगतो, मला राग आला. मी निवडलेलं सामान कमी पडलं? माझं?

"दुकानदाराने खराब माल दिलाय," ठिणग्या म्हणाला, पण त्याने ती खीळ हातात घेतली नाही.

"मग चांगला आणतो," मी म्हणालो.

४

आणला. दुप्पट रुंदीचा पट्टा. लोखंडी कड्यांऐवजी वळलेल्या दोराच्या, वाकतच नाहीत. सकाळी बघितलं तर पट्टा टिकला होता, पण नांगराचा दांडा पिळवटलेला. ठिणग्याकडून नवा, जाड दांडा करून घेतला. मग दोर कमी पडला. शेवटच्या वेढ्यापर्यंत चिखल होता, म्हणजे सगळाच्या सगळा सोडावा लागला होता आणि तरी घट्ट जमीन सापडली नव्हती. मी लांब दोर घातला आणि जोडीला एक कप्पी, तिच्यातून दोर फिरवला की ओढ दुप्पट होते.

वेडेपणा वाटेल, पण मला त्यात मजा यायला लागली होती. कुणीतरी रोज नवा प्रश्न घालत होतं आणि मी उत्तर देत होतो. कोण घालतंय, हे मी स्वतःला विचारत नव्हतो. सकाळी कुलपं काढताना भीती वाटायची, पण काल मी बसवलेलं आज टिकलं असेल का, हीच उत्सुकता जास्त असायची.

भिंगरी येऊन बघून जायची. चिखल बघून म्हणाली, "मामा, तू माझ्या आधीच जाऊन चाचणी घेऊन आलास की काय?"

"समज तसंच," मी म्हणालो.

आणि एके सकाळी सगळं जिंकलं. दोर, पट्टा, कड्या, कप्पी, नांगर, पाट्या, सगळं राखाडी चिखलाने माखलेलं आणि सगळं धडधाकट. एक धागा सुटलेला नव्हता. मी ठिणग्याचे दोन्ही खांदे धरून त्याला गदागदा हलवला.

"धरलं रे! सगळं धरलं! गाडी बाहेर आली!"

"कुठून बाहेर आली?" ठिणग्याने हळूच विचारलं.

मी शीळ घालत सामान धुतलं. मग गाडीत ठेवायला दार उघडलं तर सीटमागची जागा रिकामी होती. भिंगरीला फोन केला.

"बूट घरी नेलेस का गं?"

"नाही रे मामा. गाडीतच आहेत की, सीटमागे."

मी फोन ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसलो. विंच गाडीला ओढतो, पट्टा गाडीला ओढतो, पाट्या गाडीच्या चाकाखाली जातात. हूक घेऊन गाडीसमोर जो चालत जातो, त्याला परत ओढणारं मी काहीच घेतलं नव्हतं. आणि ताईला मी शब्द दिला होता तो गाडीचा.

५

दुसऱ्या दिवशी मी उजाडता उजाडता गॅरेजवर गेलो. गल्लीत कुणी नव्हतं. शटरला हात लावणार तेवढ्यात आतून आवाज आला. टकटक, टकटक. विंचची पकड सैल सोडून कुणी हाताने दोर ओढत नेला की असा आवाज येतो. हा आवाज मी झोपेतही ओळखीन.

बाजूला एक खिडकी आहे, काच तेलकट. तळव्याने पुसून आत बघितलं. व्हॅनच्या पुढून नारिंगी दोर निघाला होता. फरशीवरून सरळ जाऊन तो खड्ड्याच्या काठावरून आत उतरत होता. खड्ड्यात आमचा दिवा बंद होता, तरी आतून पावसाळी दुपारी असतो तसा राखाडी उजेड येत होता. आणि पायऱ्यांवरून कुणीतरी खाली जात होतं. पाठ माझ्याकडे. खांद्यावर हूक, पायांत हिरवे बूट, डावा हात बाहेर काढलेला.

खड्ड्याला चार पायऱ्या आहेत. मी स्वतः बांधून घेतल्यात. ती चौथ्या पायरीवर गेली, आणि पुढे उतरतच राहिली. आधी कंबर दिसेनाशी झाली, मग खांदे. शेवटी तेवढा डावा हात काठावर दिसत होता, बोटं पसरलेली. मग तोही गेला. टकटक थांबली.

"भिंगरे!" मी काचेवर हात आपटला.

आत विंचची मोटर सुरू झाली. बटण माझ्या खिशात होतं. दोर ताठ झाला, मोटर कण्हायला लागली. खूप जड काहीतरी हलत असल्यासारखा तो आवाज होता, आणि दोर तसूतसूने परत येत राहिला. मी धावत शटरकडे गेलो. चावी कुलपात जाईना. शटर वर गेलं तेव्हा आत सगळं शांत होतं. खड्डा कोरडा, तळाशी जुना तेलाचा डाग आणि गेल्या महिन्यात हरवलेला माझा पाना. दोर विंचवर नीट गुंडाळलेला, ओला. हूक आपल्या जागेवर, चिखलाने भरलेला. हूक परत आला होता.

काच तेलकट होती, उजेड पुरेसा नव्हता, पोरीची चाल डोळ्यांत बसली होती. हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलं. मग भिंगरीला फोन केला. ती जांभई देत "काय रे मामा, एवढ्या पहाटे?" म्हणाली तेव्हा मला रडू आवरेना. काही नाही, असंच, म्हणून ठेवून दिला.

६

"नको जाऊस," मी तिला म्हणालो. ती सामान भरायला आली होती. औषधांची खोकी, सुया, दोन कंदील.

"का?"

"मी सांगतोय म्हणून."

ती माझ्याकडे बघून हसली नाही. "मामा, तिकडची एक बाई चिखल तुडवत माझ्याकडे आली होती. त्यांच्या गाई उभ्या उभ्या कोसळतायत. मला ठाऊक आहे त्यांना काय झालंय, औषधही माझ्याकडे आहे. ज्याला काम येतं त्याने घरी बसायचं, हे तू मला कधी शिकवलंस?"

तिच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो. भीती होती, ती होतीच. पण असा अभिमान मला माझ्या कुठल्याही गाडीचा वाटला नव्हता. पुढचा शाफ्ट काढून लपवावा, असंही मनात आलं. मग ती दुसऱ्या कुणाच्या थुंकी लावून चिकटवलेल्या गाडीतून गेली असती. पोरगी थांबणारी नव्हती.

दुपारी मी बाजारात गेलो. तिच्यासाठी हिरव्या बुटांचा नवा जोड घेतला. स्वतःसाठी काळा, मोठ्या मापाचा. दोन्ही जोड सीटमागे शेजारी शेजारी ठेवले.

"उद्या मी येतोय तुझ्याबरोबर," मी भिंगरीला सांगितलं. "गाडी रुतली तर तू स्टिअरिंगवर बसायचंस आणि विंच चालवायचास. हूक घेऊन मी जाणार. काहीही झालं, मी दिसेनासा झालो तरी, तू गाडीतून उतरायचं नाहीस. गाडी बाहेर काढायची आणि निघायचं. कबूल?"

"या वयात चिखलात चालणार तू? ढोपरं दुखतील मग आईकडून शेकून घ्यावी लागतील."

"कबूल का, ते सांग."

"बरं बाबा, कबूल," ती म्हणाली. मी तिला आणखी दोनदा कबूल करायला लावलं.

७

आज सकाळी कुलपं काढली. शटर वर ढकललं. पंखा लावला. हात मागे बांधून फेरी मारली.

दोर चिखलाने माखलेला, पण शाबूत. नांगर, कप्पी, पट्टा, सगळं शाबूत. मग सीटमागचं दार उघडलं. तिचे हिरवे बूट जागेवर होते. कोरडे, तळाला दुकानातला कागद तसाच चिकटलेला. बाजूची जागा रिकामी होती.

भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण छाती भरून आली होती. या गाडीसाठी मी जे जे निवडलं त्यातली ही शेवटची निवड, आणि तीच सगळ्यांत बरोबर निघाली. मी तिचा कोरडा बूट हातात घेतला, पुसायची गरज नव्हती तरी फडक्याने पुसला आणि परत ठेवला.

ताई आली. आज पाय आपटले नाहीत. "गाडी परत येईल ना रे?" तिने विचारलं.

"गाडीचं सोड. पोरगी परत येईल. माझा शब्द."

तिला काय कळलं कोण जाणे. माझ्या गालावरून तिने हात फिरवला, लहानपणी मी शाळेला निघताना फिरवायची तसा. ठिणग्या शटरपाशी उभा होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला टोमणा सुचला नाही. मी त्याच्या हातात गॅरेजच्या चाव्या दिल्या. त्याने त्या घट्ट धरल्या आणि मान खाली घातली.

भिंगरीने हॉर्न वाजवला. मी शेजारच्या सीटवर बसलो. तिने माझ्या पायांकडे बघितलं. पायांत रोजच्या चपला होत्या.

"अरे मामा, तुझे बूट कुठायत?"

"पुढे गेलेत," मी म्हणालो. "चल, घाल गिअर."

ती हसली. तिला वाटलं, मामाची नेहमीची थट्टा. तिने दांडा पुढे ढकलला आणि चारही चाकांनी एकदम जमीन धरली. काय आवाज होता तो! असं काम आख्ख्या गावात कुणाला जमणार नाही.